गोठलेल्या तळ्यावर एटीव्ही न्यायची तर: स्टड, साखळ्या की ट्रॅक?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या मिल लॅक्ससारख्या मोठ्या तळ्यावर हिवाळ्यात मासेमारीसाठी एटीव्ही, म्हणजे जाड टायरांची आणि हँडलने वळणारी चारचाकी उघडी गाडी, न्यायची, तर कंपनीचे टायर पुरे पडत नाहीत. त्यांचे उंच रबरी ठोकळे चिखलासाठी असतात, कडक बर्फात ते रुतत नाहीत. चारही चाकांना पकडच नसेल, तर फोर व्हील ड्राइव्ह असून उपयोग काय? पर्याय तीन आहेत: टायरमध्ये मारायचे स्टड, टायरवर चढवायच्या साखळ्या, किंवा चाकांऐवजी बसवायचे रबरी पट्ट्यांचे ट्रॅक. कुठला घ्यावा हे तुमच्या तळ्यावर बर्फ कसा असतो यावर ठरतं.

वाऱ्याने भुसभुशीत थर उडून गेलेला, उघडा कडक बर्फ असेल तर स्टडच घ्या. बर्फासाठीचे खास कडक पोलादी स्क्रू मिळतात. षटकोनी डोकं आणि त्यावर उभी खाच. बर्फ धरते ती या डोक्याची कड, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातले साधे स्क्रू चालत नाहीत, ते लवकर झिजतात. स्क्रू ठोकळ्याच्या मधोमध मारायचा, दोन ठोकळ्यांमधल्या पातळ रबरात कधीच नाही. लांबी निवडताना ठोकळ्याची उंची मोजून घ्या. ड्रिल हळू चालवा, आणि टायर रिमवरून उतरवलेला असेल तर आतून हात फिरवून पाहा. टोक बोटाला लागलं तर तो स्क्रू लांब आहे, हवा जाणारच. स्टड चारही चाकांना हवेत. फक्त मागे मारले तर गाडी पळते, पण हँडल वळवूनही सरळच जाते. फक्त पुढे मारले तर ब्रेक लावताना मागचा भाग फिरून पुढे येतो. हिवाळ्यासाठी टायरचा वेगळा संच ठेवणं परवडतं, कारण हे टायर डांबरी रस्त्यावर किंवा गॅरेजच्या फरशीवर फिरवले की स्टडही झिजतात आणि फरशीही खराब होते.

साखळ्यांचा फायदा असा की त्या हव्या तेव्हा चढवता-उतरवता येतात, आणि त्याच गाडीने अंगणातला बर्फ ढकलायचा असेल तर त्या उत्तम. आडव्या कड्यांना इंग्रजी व्ही आकाराच्या पट्ट्या जोडलेल्या घ्या, गुळगुळीत कड्या कडक बर्फावर सरकतात. टायरची थोडी हवा काढून साखळी चढवा, मग हवा भरा म्हणजे ती घट्ट बसते. थोडं अंतर चालवून पुन्हा ताण बघा. पुढच्या चाकांना लावण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून साखळी ब्रेकच्या नळीला किंवा सस्पेन्शनला घासत नाही ना, हे पाहाच. वेगात मात्र साखळ्या हादरे देतात, लांबच्या फेरीला त्या नकोशा होतात.

ट्रॅक सर्वांत महाग, काही हजार डॉलरचा मामला. गुडघाभर भुसभुशीत बर्फात त्यांच्यासारखं काही नाही. पण उघड्या कडक बर्फावर रबरी ट्रॅकही घसरतात, त्यांनाही स्टड लागतात. शिवाय गाडीचा वेग कमी होतो आणि हँडल जड होतं.

ट्रॅकवर वजन पसरतं, म्हणून पातळ बर्फावर ते सुरक्षित, असं बरेच जण मानतात. या समजाची मला खरी काळजी वाटते. तरंगता बर्फ गाडीखाली कित्येक मीटरपर्यंत वाकतो. तिथे चाकाखालच्या दाबापेक्षा एकूण वजन महत्त्वाचं, आणि ट्रॅकमुळे ते शंभरेक किलोने वाढतं. कॅनडाच्या लोर्न गोल्ड यांनी 1971 मध्ये मांडलेलं सूत्र आजही वापरतात: सेंटिमीटरमधल्या जाडीचा वर्ग गुणिले साधारण 3.5, म्हणजे किलोमधला सावध भार. 14 सेंमीला जवळजवळ 690 किलो, 7 सेंमीला जेमतेम 170. जाडी निम्मी झाली की ताकद चौथाईवर येते.

मिनेसोटाचा नैसर्गिक संसाधन विभाग नव्या, पारदर्शक बर्फावर लहान एटीव्हीसाठी किमान 5 ते 7 इंच जाडी सांगतो, आणि पांढऱ्या बर्फासाठी त्याच्या दुप्पट. दर 150 फुटांवर भोक पाडून मोजत जा. ओढ्याचं तोंड, झरे आणि बर्फ दुमडून वर आलेल्या कडा यांच्यापासून लांब राहा.

गाडीची बाकीची तयारी थोडक्यात: मॅन्युअलमधलं थंडीचं सिंथेटिक तेल, चार्ज केलेली बॅटरी, रेडिएटरमध्ये निम्मं पाणी निम्मं अँटिफ्रीझ. थ्रॉटलच्या, म्हणजे वेग वाढवायच्या खटक्याच्या, केबलमध्ये ओल गोठली तर इंजिन वेगात अडकतं. निघण्यापूर्वी थ्रॉटल दाबून सोडा, तो आपोआप परत आला पाहिजे. मनगटाला बांधायची, इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी लावा. पाण्यात पडलात तर बर्फात टोचून वर यायचे दोन टोकदार दांडे डिकीत न ठेवता गळ्यात अडकवा, आणि तरंगणारा सूट अंगात घाला.

पैसे मोजकेच असतील आणि तळ्यावर वारा असेल, तर मी स्टड आणि तो सूट घेईन. बर्फ दाट साचणाऱ्या जंगलवाटांनी जायचं असेल, तर ट्रॅक आधी एखाद्या आठवड्यासाठी भाड्याने घेऊन पाहा.