सोलापूर–सांगोला एसटी : पंच्याहत्तरीनंतरचं तिकीट

महिन्यातून एकदा मी सोलापूरहून सांगोल्याला धाकट्या लेकीकडे जातो. वय ७८, निवृत्त शाळामास्तर. जावई दर खेपेला म्हणतात, "मामा, गाडी पाठवतो." मी एसटीनंच जातो. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यभर एसटी मोफत आहे, तेव्हा हा अभिप्राय फुकट्या प्रवाशाचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

कंडक्टर आधार कार्ड बघतो आणि मशीनमधून शून्य रुपयाचं तिकीट काढून हातात देतो. मी ते घडी घालून पत्र्याच्या जुन्या तंबाखूच्या डबीत ठेवतो. परवा शेजारी बसलेली बाई हसली, "आजोबा, तुमचं माफ, माझं हाफ!"

पुढच्या सीटवर विधानसभा सदस्यांसाठी राखीव अशी पाटी होती. इतर मार्गांवर हा निव्वळ विनोद, पण सांगोल्याच्या गाडीत त्या पाटीला कुणी हसत नाही. इथले आमदार खरंच एसटीनं फिरायचे. भाई गणपतराव देशमुख, आबासाहेब. १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले, मध्ये १९७२ आणि १९९५ ला पडले, तरी एकूण अकरा वेळा आमदार, तेही एकाच शेतकरी कामगार पक्षाकडून, म्हणजे शेकापकडून. २०१४ ची निवडणूक जिंकली तेव्हा वय ८८. २०१९ ला स्वतःहून थांबले. ३० जुलै २०२१ ला गेले, पंच्याण्णवी पुरी व्हायला अकरा दिवस राहिले होते.

बेगमपूरचा भीमेचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना शाळू. मागच्या सीटवरचा शेतकरी म्हणाला, "मास्तर, ह्या ज्वारीच्या भाकरीनं माणूस शंभरी गाठतंय. आबासाहेबांचं बघा की."

मी म्हटलं, भाकरी काय, आर. आर. पाटलांच्या, म्हणजे आर. आर. आबांच्या अंजनी गावातही तीच. माणूस तसाच साधा, तासगावकडून सहा वेळा आमदार, उपमुख्यमंत्री झाले तरी बोलणं गावातल्यासारखं. १६ फेब्रुवारी २०१५ ला गेले. वय ५७. तोंडाचा कॅन्सर. तंबाखू त्यांनी सोडली होती, पण उशीर झाला होता.

शेतकऱ्याचा हात चुना मळता मळता थांबला. थोड्या वेळानं त्यानं मळलेलं तोंडात टाकलंच, मी काही बोललो नाही. माझी स्वतःची त्याच फेब्रुवारीत सुटली, तीही तिसऱ्या खेपेला. डबी तेवढी राहिली.

माझं मत विचाराल तर लोक आबासाहेबांच्या साधेपणाचं कौतुक करतात, पण साधे पुढारी मी बरेच बघितलेत. पक्ष न बदलता, दोनदा पडून, परत त्याच लोकांपुढे जायला वेगळाच चिवटपणा लागतो. आणि एसटीत बसलं की कुणाला टाळता येत नाही. सोलापूर ते सांगोला दोन तासांच्या आसपास लागतात, तेवढ्यात शेजारचा माणूस पाण्यापासून सोयरिकीपर्यंत सगळं ऐकवतो. काचा लावलेल्या गाडीत ती सोय नाही. आयुष्य किती, ते मात्र ना भाकरीच्या हातात ना पक्षाच्या.

सेवेबद्दल : गाडी वेळेवर सुटली, ड्रायव्हरनं खड्डे जपून काढले, कंडक्टरनं चढताना माझी पिशवी वर घेतली. पहिली पायरी माझ्या गुडघ्यांना उंच पडते, म्हणून अर्धा गुण कमी, तो गुडघ्यांच्या खात्यातून. मंगळवेढ्याला गाडी थांबते तिथला एका टपरीवरचा चहा म्हणजे गोड गरम पाणी, थर्मास घरूनच न्या. साडेचार गुण.

आणि रविवारी जाऊ नका. सांगोल्यात जनावरांचा बाजार असतो, उभं राहायला जागा मिळत नाही. मी एकदा गेलो होतो. खिलार बैलांच्या किमतीवरून दोघं माझ्या डोक्यावरून सांगोल्यापर्यंत भांडत होते.