होमकेअरचे आठ महिने: खरी परीक्षा बदलीच्या दिवशी

आईला गेल्या जूनमध्ये पक्षाघाताचा झटका आला. घरी आणली तेव्हा उजवी बाजू लुळी, नाकातून नळी, लघवीची पिशवी आणि जोडीला जुना मधुमेह. आम्ही मुलुंडला, दोघंही नोकरीवाले. एका होमकेअर कंपनीकडून दिवसपाळीची मावशी घेतली. सकाळी आठ ते रात्री आठ, रोजचे नऊशे. कंपनीचं नाव लिहीत नाही. ओळखीत ज्यांनी दुसरीकडून माणसं घेतली, त्यांची रडगाणीही हीच आहेत.

आमच्या कायमच्या मावशी कळव्याहून येतात. बाई सोनं आहे. दर दोन तासांनी कूस बदलणार, टाचा गादीला टेकू देणार नाही, माकडहाडाजवळची कातडी रोज उजेडात बघणार. आठ महिन्यांत एकही बेडसोअर नाही. ज्यांच्या घरी पेशंट पडून आहे त्यांना याची किंमत कळेल. नळी होती तेव्हा पेज देताना डोक्याकडची बाजू उंच, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. आई कुरकुरायची. मावशी म्हणायच्या, "आजी, ठसका लागला तर शिव्या मला बसतील." लघवीची पिशवी कंबरेच्या खाली लटकलेली, पण जमिनीला टेकलेली नाही. हे मला त्यांनीच शिकवलं.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी मेगाब्लॉक, त्यात मावशींना ताप. कंपनीने बदली पाठवली. ॲपवर फोटो, आधार, पोलीस व्हेरिफिकेशन, सगळ्यापुढे हिरवी खूण. मुलगी चुणचुणीत होती. मी आंघोळीला गेले तेवढ्यात तिने मदत म्हणून इन्सुलिन भरून ठेवलं.

बाहेर आले तर ट्रेमध्ये लाल टोपीची सिरिंज. लाल टोपी म्हणजे एका मिलीत ४० युनिट असलेल्या बाटलीची. डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच आईला १०० च्या बाटलीवर आणलं होतं, तिला नारिंगी टोपीची सिरिंज लागते. मुलीने लाल सिरिंज १६ च्या रेघेपर्यंत भरली होती. १०० ची बाटली अडीचपट तीव्र, म्हणजे १६ च्या जागी ४० युनिट जाणार होते. माझे हातपाय गार पडले. जुन्या सिरिंजा ड्रॉवरमध्ये राहिल्या ही चूक माझी. पण मुळात इंजेक्शन हे तिचं कामच नव्हतं. ती अटेंडंट, नर्स नव्हे. एएनएम किंवा जीएनएम हे नर्सिंगचे कोर्स झालेल्या आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या सिस्टरचं ते काम. दोघींचा गणवेश मात्र सारखाच, म्हणून घरच्यांचाही घोळ होतो.

सुपरवायझरला फोन केला तर म्हणे, "मॅडम, ती ट्रेन्ड आहे." दरमहा भेट देऊ असं करारात लिहिलेलं. आठ महिन्यांत दोनदा आले, त्यातल्या एकदा बिलासाठी. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, बदलायला येणारी सिस्टर मात्र चोख. नोंदणी क्रमांक विचारला तर कार्डच काढून दाखवलं, वर म्हणाली, "विचारलंत ते बरं केलंत."

आता घरात एक दोनशे पानी वही आहे. साखर किती, किती वाजता कुशीवर वळवलं, लघवी किती, रंग कसा, सगळं त्यात. पहिल्या पानावर मावशींच्या अक्षरात: "लाल टोपी घरात नाही. दिसली तर ताईंना सांगणे." वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात, केराच्या पिशवीत नाही. आणि नवीन बदलीने आदल्या दिवशी दोन तास मावशींबरोबर बसायचं, ही अट घातली. कंपनीने त्याचे अर्ध्या दिवसाचे पैसे लावले. कुरकुरत का होईना, मी देते.

मावशींना पाच तारे. कंपनीला दोन, त्यातला एक मावशींना पाठवल्याबद्दल.

शिमग्याला मावशी आठ दिवस गावी चालल्या आहेत. बदली कोण येणार ते कंपनीने अजून कळवलेलं नाही. मी रजा टाकून ठेवली आहे.