‘मूळ रेकॉर्डिंग’ म्हणून विकलेल्या तीन सीड्या : हर्मनप्रेमींनो, सावध राहा

हिचकॉकच्या ‘सायको’, ‘व्हर्टिगो’सारख्या सिनेमांचा संगीतकार बर्नार्ड हर्मन, त्याचं पार्श्वसंगीत जमवणाऱ्यांना एक विक्रेता हेरून गाठतो आहे. त्याने मला फसवलं, आणि ज्या पद्धतीने फसवलं ती कुठल्याही चित्रपट-संगीतकाराच्या चाहत्यावर चालेल अशी आहे. म्हणून सगळं तपशिलात लिहितो आहे. त्याचं नाव देऊन उपयोग नाही, कारण तो नावं बदलतो. पद्धत मात्र बदलत नाही.

ही फसवणूक कशाच्या आधारावर उभी राहते ते आधी सांगतो. वाद्यवृंदाच्या पार्श्वसंगीताची एकाच सिनेमासाठी दोन-तीन वेगवेगळी रेकॉर्डिंग असू शकतात. एक सिनेमासाठी झालेलं, एक त्याच संगीतकाराने पुढे अल्बमसाठी पुन्हा वाजवून घेतलेलं आणि एखादं त्याच्या पश्चात दुसऱ्या कुणी मूळ स्वरलेखनावरून उभं केलेलं. ‘सायको’चंच घ्या. १९६० साली सिनेमा आला तेव्हा त्याच्या संगीताची तबकडी निघालीच नाही. हर्मनने ते १९७५ साली, मृत्यूच्या काही महिने आधी, लंडनमध्ये नॅशनल फिलहार्मोनिककडून पुन्हा वाजवून घेतलं. त्याची लय सिनेमातल्यापेक्षा बरीच संथ आहे. दोन्ही हर्मनचंच काम, दोन्हींत फक्त तंतुवाद्यं, पण ऐकायला दोन वेगळ्या गोष्टी. मुखपृष्ठावर ‘ओरिजिनल’ लिहिलं की त्यातलं नेमकं कुठलं, हे बाहेरून कळत नाही.

दुसरी गोष्ट टंचाईची. अमेरिकेत रेकॉर्ड झालेलं संगीत अल्बम म्हणून काढायचं तर वादकांच्या संघटनेच्या करारानुसार वादकांना वेगळे पैसे द्यावे लागत. त्यामुळे कित्येक अल्बम अर्ध्या तासातच आटोपलेले दिसतात, सिनेमात संगीत त्याच्या दुप्पट असलं तरी. नंतर इंट्राडा, व्हारेस साराबांद, ला-ला लँड अशा कंपन्यांनी जुन्या टेप शोधून पूर्ण संगीत काढायला घेतलं. ते मोठंच काम आहे, पण बऱ्याचदा आवृत्ती हजार ते तीन हजार प्रतींची. ती संपली की उरतात ते जुन्या सीड्या विकणारे. ‘पूर्ण संगीत’, ‘अप्रकाशित’, ‘स्टुडिओतली टेप’ हे शब्द वाचले की संग्राहकाचा हात थरथरतो, आणि हे त्या विक्रेत्यांना पक्कं ठाऊक असतं.

माझी त्याच्याशी पहिली खरेदी अगदी सरळ झाली होती. खरेदी-विक्रीच्या ज्या संकेतस्थळावर तो विकतो, त्याच्या ठरलेल्या मार्गाने पैसे दिले आणि सीडी वेळेवर आली, तीही अस्सल. त्यासोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी होती, हर्मन स्वतःच्या संगीताचं वाद्ययोजन, म्हणजे कुठल्या वाद्याने काय वाजवायचं हे ठरवणं, दुसऱ्या कुणावर सोपवत नसे, त्याबद्दल. हॉलिवूडमध्ये ते काम सर्रास दुसऱ्यांना दिलं जाई आणि हर्मन त्याबद्दल कडवट बोलायचा, हे खरं आहे. चिठ्ठी लिहिणारा माणूस जाणकार वाटावा, इतकी ती नेमकी होती. अशी स्वस्तातली अस्सल वस्तू आधी देणं हा त्याच्या पद्धतीचाच भाग आहे. माझ्यासारख्याच फसलेल्या एका संग्राहकाशी नंतर बोलणं झालं, त्यालाही पहिली सीडी खरीच मिळाली होती.

मग निरोप आला की एका जुन्या संग्राहकाचा साठा आपल्या हाती लागला आहे. त्यात तीन गोष्टी होत्या : ‘व्हर्टिगो’चं १९५८चं संपूर्ण मूळ रेकॉर्डिंग स्टीरिओत, ‘टॉर्न कर्टन’साठी हर्मनने केलेलं आणि दिग्दर्शक हिचकॉकने नाकारलेलं संपूर्ण संगीत, आणि ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ची स्टुडिओ मास्टरवरून, म्हणजे मूळ टेपवरून, काढलेली सीडी. तिन्ही सीलबंद, वर ‘प्रमोशनल, विक्रीसाठी नाही’ अशी छपाई. हा शब्दही विचारपूर्वक निवडलेला. संगीतकार स्वतःचं काम निर्मात्यांना ऐकवण्यासाठी खरोखरच अशा सीड्या काढत आले आहेत, त्यामुळे ती दुकानात का मिळत नाही, कंपनीच्या यादीत का नाही, या सगळ्या प्रश्नांना एका शब्दात उत्तर मिळतं. पण हर्मन १९७५च्या २४ डिसेंबरला, ‘टॅक्सी ड्रायव्हर’चं रेकॉर्डिंग संपवून काही तासांतच गेला. तेव्हा सीडी बाजारात यायला सात वर्षं बाकी होती. त्याच्या नावाची ‘प्रमोशनल’ सीडी कुणी आणि कुणाला ऐकवण्यासाठी काढली असेल?

पैशांच्या बाबतीत त्याने दोन अटी घातल्या. संकेतस्थळाचं कमिशन वाचावं म्हणून पैसे थेट पाठवायचे, आणि तेही ‘मित्र किंवा नातेवाईक’ हा पर्याय निवडून. तेवढी किंमत कमी केली. हा पर्याय घरातल्या घरात पैसे देण्यासाठी असतो, त्यात खरेदीचं संरक्षण नसतं. वस्तू खोटी निघाली तरी ज्या सेवेतून पैसे गेले ती सेवा तक्रार नोंदवून घेत नाही. तुमच्याशी कितीही गोड बोलणारा, हर्मनच्या कितीही गोष्टी सांगणारा विक्रेता हा पर्याय मागू लागला तर तिथेच व्यवहार थांबवा.

आणि एक सल्ला त्याने फार आपुलकीने दिला होता : ‘सील फोडू नका, मोल कमी होईल.’ या एका वाक्यावर त्याचा सगळा धंदा चालतो. जे लोक संकेतस्थळामार्फत पैसे देतात त्यांनाही तो हेच सांगतो. ते सीडी जपून कपाटात ठेवतात, तक्रारीची मुदत निघून जाते आणि आत काय आहे हे त्याला सोडून कुणालाच माहीत नसतं. सील ही काही हमी नाही. पातळ प्लॅस्टिक आणि गरम हवा एवढं असलं की कुणालाही सीडी सीलबंद करता येते.

मी सील फोडलं ते ऐकण्यासाठी. जमवलेलं संगीत ऐकायचं नसेल तर जमवायचं कशाला?

‘व्हर्टिगो’पासून सुरुवात केली. प्रस्तावनेतली गोल गोल फिरणारी तंतुवाद्यं, खालून येणारे पितळी वाद्यांचे आघात, सगळं झळझळीत आणि रुंद स्टीरिओत. इतकं स्वच्छ की तिथेच शंका आली. या रेकॉर्डिंगचा इतिहास हर्मनच्या चाहत्यांना पाठ असतो. १९५८ साली अमेरिकेत वादकांचा संप होता, म्हणून रेकॉर्डिंग लंडनला नेलं. म्यूर मॅथिसनच्या संचालनाखाली काम सुरू झालं, पण लंडनचे वादकही अमेरिकन वादकांच्या पाठिंब्यासाठी थांबले आणि उरलेलं काम व्हिएन्नात करावं लागलं. हर्मनला स्वतःच्या सर्वांत गाजलेल्या संगीतांपैकी एकाचं संचालन करता आलं नाही, याची खंत त्याला कायम राहिली. लंडनचा भाग स्टीरिओत आहे आणि व्हिएन्नाचा मोनोत, म्हणजे डावं-उजवं वेगळं नसलेला. मूळ रेकॉर्डिंगची सीडी ऐकताना जागा बदलल्याचं कानाला कळतं, आवाज एकदम अरुंद होतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच स्टीरिओतलं ‘मूळ व्हर्टिगो’ असूच शकत नाही.

मग ते काय होतं? संचालक जोएल मॅकनीलीने १९९०च्या दशकात रॉयल स्कॉटिश नॅशनल ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलेलं रेकॉर्डिंग एका स्नेह्याकडे होतं, ते आणलं. दोन्हींतली प्रस्तावना संगणकावर घेतली, एकाखाली एक ठेवली, लाटांचे उंचवटे जुळेपर्यंत सरकवली. मग एकीची लाट उलटी केली, म्हणजे जिथे वर तिथे खाली, आणि दोन्ही एकत्र वाजवल्या. रेकॉर्डिंग वेगळी असती तर दोन वाद्यवृंदांचा गोंधळ ऐकू आला असता. इथे अख्खा वाद्यवृंद नाहीसा झाला. मागे राहिली फक्त पाण्याखालून आल्यासारखी बारीक चुळबुळ. ती चुळबुळही बोलकी होती, कारण सीडीची जशीच्या तशी नक्कल असती तर तेवढंही उरलं नसतं. कुठल्या उंचीचे सूर किती आहेत हे दाखवणारा आवाजाचा आलेख काढल्यावर १६ किलोहर्ट्झच्या वर सगळं काळं दिसलं. सीडीत २२ किलोहर्ट्झपर्यंत आवाज मावतो. १६वर सरळ रेषेत कापल्यासारखा थांबत असेल तर बहुधा तो १२८ केबीपीएसच्या, म्हणजे आकार लहान करण्यासाठी आवाज छाटलेल्या, एमपीथ्रीतून आलेला असतो. म्हणजे एमपीथ्री उतरवून घेतली, पुन्हा सीडीवर चढवली आणि मूळ टेप म्हणून विकली. लाट उलटी करणं, आलेख काढणं ही कामं फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये होतात, त्यासाठी ध्वनितंत्रज्ञ असावं लागत नाही.

मॅकनीलीचं रेकॉर्डिंग वाईट आहे असं अजिबात नाही. ते मला आवडतं, आणि हर्मनची काही संगीतं अशा पुनर्वादनामुळेच नीट ऐकायला मिळाली. माझा राग त्याच्यावरचं वादकांचं, संचालकाचं नाव खोडून ते खोट्या नावाने विकण्यावर आहे. ऐंशी-नव्वद माणसांनी बसून वाजवलेलं काम निनावी करून टाकलं.

‘टॉर्न कर्टन’च्या बाबतीत तर संगीत ऐकण्याआधीच मुखपृष्ठ खोटं ठरत होतं. १९६६ साली हिचकॉकला लोकप्रिय चालीचं काहीतरी हवं होतं. हर्मनने लिहिलं १६ हॉर्न आणि १२ बासऱ्यांसाठी, व्हायोलिन एकही नाही. हिचकॉकने रेकॉर्डिंग मध्येच थांबवलं, दोघांची अनेक वर्षांची सोबत तिथे तुटली आणि सिनेमाला जॉन ॲडिसनचं संगीत लागलं. जे मध्येच थांबलं त्याचं ‘संपूर्ण मूळ रेकॉर्डिंग’ कुठून येणार? सलग स्वरूपात जे ऐकायला मिळतं ते पुढे संगीतकार एल्मर बर्न्स्टाइन आणि मग मॅकनीली अशांनी वाजवून घेतलेलं. नाकारलेल्या संगीताभोवती नेहमीच एक गूढ असतं, त्यामुळे अशी सीडी दिसली की आधी त्या रेकॉर्डिंगची हकीगत शोधा. किती वाजवलं गेलं, टेप उरली का, अधिकृतपणे कधी निघाली, हे बहुतेक वेळा छापील माहितीत सापडतं.

तिसरी सीडी डीव्हीडीवरून उतरवलेली निघाली. ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’च्या डीव्हीडीवर संवाद वगळून नुसतं संगीत ऐकण्याची सोय आहे, तेच इथे होतं. मला ते वेगावरून कळलं. पाल पद्धतीच्या (युरोप, भारत इथल्या टीव्हीसाठीच्या) डीव्हीडीवर सिनेमा सेकंदाला २४ऐवजी २५ चौकटींनी धावतो, म्हणून चार मिनिटं दहा सेकंदांची जागा बरोबर चार मिनिटांत संपते आणि बऱ्याचदा सूरही वर चढतो, अर्ध्या स्वरापेक्षा थोडा कमी. अधिकृत सीडीशेजारी ठेवून ऐकलं की लगेच लक्षात येतं.

सीडी हातात घेऊन पाहण्यासारखंही बरंच आहे. कारखान्यात छापलेल्या सीडीची खालची बाजू चांदीसारखी असते. घरी लिहिलेलीची हिरवट, निळसर किंवा सोनेरी झाक देते. मधल्या भोकाभोवतीच्या पट्टीवर कारखान्याचा क्रमांक कोरलेला असतो, आणि १९९४ नंतरच्या सीड्यांवर बहुधा ‘आयएफपीआय’ने (ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आद्याक्षरांनी) सुरू होणारा बारीक संकेतही दिसतो. माझ्या तिन्हींवर ती पट्टी कोरी होती. पुस्तिकेतली लहान अक्षरं कडांना फुटलेली होती, म्हणजे छापील पुस्तिका स्कॅन करून पुन्हा छापलेली. काही कंपन्या मागणीनुसार अधिकृतपणेही लिहिलेल्या सीड्या देतात, पण त्या तसं आधी सांगतात. उलट काही चोरटे चांदीसारख्या सीड्या कारखान्यातून काढून घेतात, त्यामुळे नुसत्या रंगावर विसंबू नका. विकणाऱ्याकडे पैसे देण्याआधीच खालच्या बाजूचा आणि त्या पट्टीचा फोटो मागा. सील असल्यामुळे देता येत नाही म्हणाला, तर जी वस्तू त्याने स्वतःही पाहिलेली नाही तिच्या अस्सलपणाची खात्री तो कशी देतो, हे विचारा.

मी पुरावे पाठवल्यावर त्याने आधी ‘मलाही तसंच मिळालं होतं’ म्हटलं, मग एक सीडी परत घेण्याची तयारी दाखवली, आणि पत्ता मागितल्यावर उत्तर देणं बंद केलं. पैसे परत आले नाहीत. संकेतस्थळाने त्याचं खातं बंद केलं, पण थोड्याच काळात दुसऱ्या नावाने तीच तीन मुखपृष्ठं पुन्हा विक्रीला दिसली, फोटोही तेच. ‘व्हर्टिगो’च्या डबीला वर उजव्या कोपऱ्यात तडा आहे आणि मागे फिकट हिरव्या कापडाची घडी दिसते. या फोटोची सीडी तुम्ही घेतली असेल आणि संकेतस्थळामार्फत पैसे दिले असतील, तर सील आजच फोडा, पट्टीचा फोटो काढा आणि मुदत संपायच्या आत तक्रार नोंदवा.