जीएचएस-पॉप: पुरात किती माणसं सापडतील हे मोजायला वापरून बघितला

पूर आला तर किती लोक पाण्यात जातील, हे काढायला काय लागतं, पुराचा नकाशा घ्यायचा, त्यावर लोकसंख्येचा ग्रिड (म्हणजे जमिनीचे चौकोन पाडून प्रत्येकात किती माणसं ते लिहिलेला नकाशा) टाकायचा आणि बेरीज मारायची, झालं. असं मला वाटायचं. मग जीएचएस-पॉप डाउनलोड केला आणि दोन दिवस डोकं धरून बसले.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. युरोपियन कमिशनच्या जॉइंट रिसर्च सेंटरचा हा अख्ख्या जगाचा ग्रिड आहे, १९७५ ते २०३० दर ५ वर्षांचा (२०२५ आणि २०३० हे अर्थातच अंदाज), १०० मीटर आणि १ किलोमीटर अशा मापात, आणि चक्क फुकट. जनगणनेचा आकडा एखाद्या हद्दीचा मिळून एकच असतो, तो हे लोक सॅटेलाइटवरून दिसणाऱ्या बांधकामावर वाटून टाकतात. आताच्या व्हर्जनमध्ये बांधकामाची उंचीसुद्धा धरलीय, त्यामुळे दहा मजली इमारतीला आणि शेजारच्या बैठ्या घराला सारखंच माप लागत नाही. कोलंबिया विद्यापीठातला जीपीडब्ल्यू हा असाच दुसरा ग्रिड अख्ख्या हद्दीवर माणसं सारवल्यासारखी पसरवतो, डोंगर असो की रान, सगळीकडे सारखी. पुराच्या कामात ते चालत नाही, कारण लोक कुठे राहतात हाच तर प्रश्न आहे ना!

आता माझा घोळ. ग्रिड मॉलवाइड प्रोजेक्शनमध्ये (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची एक पद्धत) होता, पुराचा नकाशा अक्षांश-रेखांशात, मी हुशारी करून ग्रिडच बदलला आणि एकूण लोकसंख्याच हलली. कारण प्रत्येक पिक्सेलमध्ये, म्हणजे ग्रिडच्या एका चौकोनात, घनता नसते, माणसांची मोजणी असते, आणि ती रीसॅम्पल केली, म्हणजे नव्या चौकोनांत बसवली, की बेरीज बिघडते. उलटं करा, पुराच्या हद्दीची आकृती (पॉलिगॉन) ग्रिडच्या प्रोजेक्शनमध्ये आणा. आणि पिक्सेलमध्ये ०.३७ माणूस दिसला तर हसा पण राउंड करू नका, विरळ वस्तीच्या भागात अशा तुकड्यांचीच बेरीज मोठी होते.

खरी गोम वेगळीच आहे. १०० मीटर म्हटलं की वाटतं वा काय बारीक, पण खालची जनगणना जुनी किंवा मोठ्या हद्दीची असेल तर ते बारीकपण नुसतं दिसण्यापुरतं, एका गल्लीत ४१२ माणसं असं लिहिलेलं दिसलं तरी तो हिशोबाने वाटलेला आकडा आहे, कोणी दारोदार जाऊन मोजलेला नाही. म्हणून मी एकेका पिक्सेलवर बोलत नाही, पुराचा पट्टा जरा लांबरुंद असेल तरच आकडा देते. पट्टा २०० मीटरचा असेल तर १ किलोमीटरच्या ग्रिडकडे बघूच नका, अख्खा चौकोन आत धरला तर काठापासून लांब उंचावर राहणारेसुद्धा बुडतात आणि बाहेर टाकला तर काठावरचे सगळे वाचतात. भूकंपाचं तसं नसतं, हादरा कित्येक किलोमीटर पसरतो, तिथे १ किलोमीटर पुरतो. अमेरिकेच्या यूएसजीएस या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची पेजर सिस्टिम भूकंपानंतर किती लोकांना किती हादरा बसला हे लँडस्कॅन नावाच्या लोकसंख्येच्या ग्रिडवरून काढते, तो १ किलोमीटरचाच आहे.

लँडस्कॅनची मजा अशी की तो २४ तासांची सरासरी धरतो, म्हणजे माणूस झोपतो कुठे एवढंच नाही, वावरतो कुठे तेही. जीएचएस-पॉप मात्र राहत्या जागेवरच बसवतो. १९९४ चा नॉर्थरिजचा भूकंप पहाटे ४:३१ ला झाला, पार्किंगच्या इमारती कोसळल्या पण त्या वेळी जवळपास रिकाम्या होत्या, तोच दुपारी झाला असता तर? याचं उत्तर जीएचएस-पॉपमध्ये नाही, आणि खरं तर लँडस्कॅनच्या एका सरासरीतही नाही, त्याला दिवसा-रात्रीचे वेगळे ग्रिड लागतात.

म्हातारे किती, लहान मुलं किती हेही इथे मिळत नाही, त्यासाठी साउदॅम्प्टन विद्यापीठातला वर्ल्डपॉप हा ग्रिड घ्या, त्यात वय आणि लिंगाप्रमाणे ग्रिड आहेत. आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे की तंबू, ताडपत्र्या, झाडाखालची छोटी छपरं सॅटेलाइटला नीट दिसत नाहीत, म्हणजे पुरात पहिले जे वाहून जातील तेच हिशोबातून आधी गळतात.

तरी ५ पैकी ४ देते, फुकटात एवढं कोण देतं. फक्त डाउनलोड करताना आपल्या भागाची टाइल (नकाशाचा तुकडा) तेवढी निवडा, मी हौसेने १०० मीटरची अख्ख्या जगाची फाइल लावली आणि लॅपटॉप संध्याकाळपर्यंत पंखाच फिरवत बसला.