मिनिटाला हजार शब्द वाचायला शिकवतो म्हणाले आणि ३२,१९९ रुपये घेऊन गेले

आकडा आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढे लाजेने लपवावासा वाटेल. नोंदणीचे ५००, कोर्सचे १८,५००, 'किट'चे ३,२०० आणि 'लेव्हल टू'चे ९,९९९. एकूण ३२,१९९ रुपये. बेळगावच्या वडगावात माझे चार यंत्रमाग आहेत, तेही भाड्याच्या शेडमध्ये. ही रक्कम म्हणजे काय, ते विणकराच्या घरात वेगळं सांगावं लागत नाही.

लेक दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली, गुण चांगले होते. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतलं आणि सगळं एकदम इंग्रजीत आलं. बायोलॉजीचं एक पान वाचायला तिला वीस मिनिटं लागायची. आणि 'नीट' या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला १८० मिनिटांत १८० प्रश्न. रात्री पुस्तक मिटून रडत बसायची. त्याच आठवड्यात गल्लीत पत्रकं वाटली गेली: मोफत सेमिनार, वाचनाचा वेग पाचपट, वाचलेलं जन्मभर लक्षात, नाहीतर दुप्पट पैसे परत. पत्रक शुद्ध मराठीत होतं. आपल्याकडे कुणी मराठीत बोलावलं की तो आपला माणूस, असं आपण धरून चालतो. हे त्यांनी बरोबर हेरलं होतं.

आता तो क्षण सांगतो. आजही रात्री जाग आली की तोच आठवतो. सेमिनारमध्ये मुलांना आधी एक इंग्रजी उतारा दिला, खडकांच्या थरांबद्दलचा. लेकीचा वेग आला मिनिटाला ११० शब्द आणि पाचांपैकी दोन उत्तरं बरोबर. मग पाऊण तास डोळ्यांचे व्यायाम, ओळीखालून पेन्सिल सरकवणं, मागे वळून वाचायचं नाही अशी सक्त ताकीद. त्यानंतर दुसरा उतारा. वेग ३४०, पाचांपैकी पाच बरोबर. हॉलमध्ये टाळ्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसरा उतारा कशावर होता? कित्तूरच्या राणी चन्नम्मांवर. लढाई कोणत्या साली झाली, कलेक्टर थॅकरेचं काय झालं, संगोळ्ळी रायण्णाला कुठे फाशी दिलं. अहो, १८२४ आणि नंदगड हे बेळगाव जिल्ह्यातल्या कुठल्या पोराला माहीत नाही? मी मागच्या खुर्चीवर बसून, उतारा हातात नसताना, पाचपैकी चार उत्तरं मनातल्या मनात दिली होती. दिली होती! आणि तरीही मला कळलं नाही की ही वाचनाची परीक्षाच नव्हे. उलट अभिमानाने शेजारच्या गृहस्थांना म्हणालो, "मलाही आलं बघा." तिथेच उठायला हवं होतं.

मी अडाणी नाही. बी.कॉम. झालोय, सोसायटीचे हिशेब तपासलेत. पण रडणारी लेक पहिल्यांदा हसत होती, आणि समोरचा माणूस सांगत होता की २४,५०० ची फी आज भरली तरच १८,५००. त्या खुर्चीवर बसून बघा, मग मला बोला. मी भरले. संस्थेच्या नव्हे, कुणा दुसऱ्याच माणसाच्या नावाच्या यूपीआय खात्यावर. पावतीवर जीएसटी क्रमांक नव्हता. ३,२०० तर रोख, पावतीविना. किटमध्ये ठिपक्यांचे तक्ते आणि एक टिकटिक करणारं यंत्र. वैयक्तिक खात्यावर फी मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

वर्गात मुलांना वाचताना तोंडाने वन-टू-थ्री-फोर मोजायला लावायचे, म्हणजे मनातला आवाज बंद होतो म्हणे. दर दोन सेकंदांनी पान उलटायचं. तिसऱ्या आठवड्यात लेक म्हणाली, "पप्पा, डोळं फिरूलेत, पण डोक्यात काय जाईना." मी तिलाच रागावलो. पैसे भरलेत, नीट लक्ष दे म्हणालो. पैशापेक्षा हे जास्त सलतं.

सहाव्या आठवड्यात 'लेव्हल टू'चे ९,९९९ घेतले आणि नवव्या दिवशी हॉलला कुलूप. हमीची अट तेव्हा वाचली: शंभर टक्के हजेरी, आणि प्रगती झाली की नाही ते ठरवणारी चाचणी त्यांचीच.

मग सुरू झाले हेलपाटे. पोलीस ठाण्यात मराठीत लिहिलेला अर्ज नेला, तो कन्नडमध्ये करून आणा म्हणाले. टायपिस्टला ३०० रुपये दिले. परत गेलो तर साहेब विचारतात, "वर्ग झाले का?" झाले. "मग शिकवलं की. फसवणूक कसली? हे दिवाणी प्रकरण." पावतीवरचा पत्ता सीमेपलीकडचा, महाराष्ट्रातला. म्हणून तिकडे जा. तिकडे गेलो, तर पैसे बेळगावात दिलेत, तिकडचं ठाणं बघेल. सीमेच्या या बाजूला आम्ही मराठी म्हणून परके आणि त्या बाजूला कर्नाटकातले म्हणून परके. मतं मागायला दोन्हीकडचे येतात, अर्ज घ्यायला कुणी येत नाही! १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तर पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत आणि आता खात्यात काही उरलेलं नाही असं उत्तर. बँकेतल्या बाई तर मान वर न करता बोलल्या. चार दिवस माग बंद राहिले, त्याची मजुरी कुणी मोजायची?

नंतर एका वकिलांनी सांगितलं की नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती ठाण्याला घ्यावीच लागते. ठाण्याच्या पायरीवर मला हे माहीत असतं तर! तुम्ही जाताना कलमाचा क्रमांक कागदावर लिहून न्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय हलू नका. १९३० ला फोन पहिल्या तासातच करा, माझ्यासारखा अकराव्या दिवशी नको.

लेकीच्या जुन्या शाळेतल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: "तिला त्या पानावरचे शब्द येतात का?" त्या पानावरचे तेवीस शब्द तिला येत नव्हते. दोष डोळ्यांत नव्हताच. वाचताना डोळा एकेका जागी पाव सेकंदाच्या आसपास थांबतो आणि स्पष्ट दिसतो तो मधला छोटासा तुकडाच. डोळे फिरवून तो रुंद होत नाही. मागे वळून वाचणं म्हणजे निसटलेला अर्थ परत धरणं, आणि मनातला आवाज समजायला मदतच करतो. हे लोक नेमकं तेच बंद करत होते. २०१६ मध्ये कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी वाचनावरचं संशोधन एकत्र तपासलं, त्यातही हेच निघालं: वेग खूप वाढवला की समज घटते. भराभर चाळता येतं, पण चाळणं म्हणजे वाचणं नव्हे. अमेरिकेत १९९८ मध्येच तिथल्या व्यापार आयोगाने अशा एका कोर्सच्या जाहिरातींवर कारवाई केली होती. तीच जुनी युक्ती माझ्या गल्लीत येऊन विकली गेली.

आता बाई फुकट बसवतात. धडा उघडण्याआधी त्यातले शब्द मराठीत समजून घ्यायचे: सेल म्हणजे पेशी, फोटोसिंथेसिस म्हणजे प्रकाशसंश्लेषण, जे तिला आठवीपासून येतंच. मग पान वाचायचं, पुस्तक मिटायचं, आठवेल तेवढं कागदावर उतरवायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. वीस मिनिटांचं पान आता आठ मिनिटांवर आलंय आणि महिन्याने विचारलं तरी सांगते. खर्च दोन वह्यांचा. कुणी आधी-नंतरची चाचणी दाखवली, तर दुसरा उतारा आपल्या हाताने निवडा, मुलाने कधी न ऐकलेल्या विषयावरचा. लगेच चेहरे पडतील.

जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकलाय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाखल करता येतो, मुदत दोन वर्षं. २०२४ च्या नोव्हेंबरपासून कोचिंगवाल्यांच्या खोट्या हमीच्या जाहिरातींवर केंद्राची बंदीही आहे, म्हणून पत्रक जोडलंय. ते लेकीने वहीत जपून ठेवलं होतं.

त्या वर्गात बत्तीस मुलं होती. अर्जावर सही करायला आजवर दोनच पालक आलेत. बाकीचे म्हणतात, लोक काय म्हणतील. पावती असेल तर फाडू नका. पुढची तारीख मिळायच्या आत माझ्या शेडवर या, मी रात्री नऊपर्यंत मागावरच असतो.