फँटसी कादंबरी लिहायचीय: जंजिरा घेऊ की गावची पालखी?

राजकारण आणि देवधर्म दोन्हीची खिचडी असलेली फँटसी कोकणात बसवायची तर माझ्यापुढे दोन ऑप्शन आहेत.

पहिला जंजिरा. इथे कट आयताच मिळतो, १६७०च्या सुमारास जंजिऱ्याचा सिद्दी प्रमुख फत्तेखान किल्ला शिवाजी महाराजांना द्यायला निघाला तर त्याच्याच सिद्दी सरदारांनी त्याला कैद केलं आणि सरळ मुघलांची चाकरी धरली. समोर महाराजांचा पद्मदुर्ग. भारी आहे, पण दरबार, तोफा, फितुरी हे सगळं वाचकाने शंभरदा वाचलंय ओ.

दुसरा म्हणजे गावऱ्हाटी, कोकणातल्या गावाचा देव आणि मानपान धरून चालणारा कारभार. मानकरी, गुरव, बारा-पाच म्हणजे गावची मानाची मंडळी, शिमग्याला पालखी आधी कोणाच्या दारात यावरून भावकीत पेटलेले वाद आणि मेन म्हणजे कौल, देवाला प्रश्न विचारून उत्तर घ्यायचं. देवाला तांदूळ नायतर फुलाच्या कळ्या लावायच्या, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाय, आता समजा देव खरंच बोलतोय आणि गुरवाला ते नको असलेलं उत्तर आलं, तर तो कळी कुठे चिकटवेल? सत्ता कोणाकडे, देवाकडे की लावणाऱ्या हाताकडे? इथे जादू वेगळी घुसवावी लागतच नाही.

स्केल हवं असेल तर जंजिरा घ्या. मी पालखी घेतोय, सिद्दी दुसऱ्या भागात बघू.