ई-जर्नलची सोय : चार तारे, पाचवा राखून

आमचे अण्णा साखर पेठेत पॉवरलूमवर होते. सुटीनंतर कामावर गेले की पहिल्याच दिवशी त्यांची छाती आवळून यायची. घरात सगळे त्याला आळस म्हणायचे. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या या दुखण्याला बिसिनोसिस म्हणतात, ‘मंडे फीवर’ असंही म्हणतात, हे मला पीएच.डी.ला लागल्यावर कळलं.

नोंदणी केली त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं लॉगिन मिळालं, आणि सोलापुरात घरी बसून जर्नल, म्हणजे संशोधनाची नियतकालिकं, उघडायला लागली. १ जानेवारी २०२५ पासून केंद्राच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल मिळतात. त्याआधी नुसता सारांश वाचायचा, डॉलरमधला आकडा बघायचा आणि गुमान खिडकी बंद करायची.

पहिल्या दिवशी ‘पॉवरलूम’ टाकलं, तर निम्मे लेख यंत्रमागाच्या मोटारीवर! ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, “ताई, परदेशातले लोक हा शब्द एवढा वापरतच नाहीत.” त्यांनी एका कंसात ‘कॉटन डस्ट’ आणि ‘बिसिनोसिस’ मध्ये ‘ऑर’ (यातलं एक तरी हवं) घालून लिहिलं, मग ‘अँड’ (आणि हेही हवंच), आणि पुढं ‘वीव्ह’च्या स्पेलिंगमधली पहिली चार अक्षरं लिहून शेवटी तारका (weav*). म्हणजे वीव्हर, वीव्हिंग, सगळं एका जाळ्यात. तेव्हा कुठं कळलं, बरंच संशोधन सूतगिरण्यांवर आहे, मागावरच्या माणसावर त्या मानानं कमी. माझा विषय मला तिथंच सापडला.

‘पिअर-रिव्ह्यूड’वर, म्हणजे ‘तज्ज्ञांनी तपासलेलं’ या चौकटीवर, टिक केली म्हणजे झालं, असं मात्र समजू नका. ती खूण जर्नलला असते, लेखाला नाही. त्याच अंकातलं संपादकीय, पत्रं, पुस्तक परीक्षणंसुद्धा यादीत येतात. ती तज्ज्ञांनी तपासलेली नसतात. मी एक संपादकीय संशोधन समजून प्रकरणात घातलं होतं. गाइड सरांनी लाल पेनानं गोल करून बाजूला फक्त प्रश्नचिन्ह काढलं. आता मी आधी पद्धतीचा भाग आणि तक्ते आहेत का बघते, मगच डाउनलोड.

तारा कापला तो लॉगिनपायी. रात्री अकराला, मुलं झोपल्यावर बसावं, तर वाचता वाचता मधेच बाहेर काढतं आणि शोध पुन्हा पहिल्यापासून. म्हणून शोधाचं ते वाक्य मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय.

अण्णांना एक लेख मराठीत सांगितला. म्हणाले, “यात मास्कचं काय लिवलंय का? आम्ही टॉवेलच बांधायचो.”